रणगाड्याचा खेळ आणि त्याचे अनामिक कारागीर



इतिहासाच्या व्याख्यानाला येणारा माणूस मनाशी काही एक अपेक्षा बांधून येतो. गड, तह, मोहिमा, फार तर एखाद्या जुन्या वाड्यातले दप्तर. आमच्या आजच्या विषयाचे नाव ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडली असेल, तर ती आम्हांस दिसते आहे आणि तिचा रागही येत नाही. विषय व्हिडिओ गेमचा आहे. १९९० नंतरच्या आठ-दहा वर्षांत लासलगावसारख्या बाजारगावांत, दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत टीव्हीपुढे मांडी ठोकून पोरांनी जे खेळ खेळले, त्यांचा. त्यांतही गाजलेल्या खेळांचा नाही. मारिओचा इतिहास लिहिणारे जगात पुष्कळ आहेत. त्यात आमची भर नको. रणगाड्याचा, मोटारीचा, सर्कशीचा, दोन पेंग्विनांचा, असे जे खेळ किरकोळ गणले गेले, त्यांच्याविषयी आम्ही बोलणार आहोत. आज चाळिशीला आलेल्या एखाद्या गृहस्थाजवळ यांपैकी एकाचे नाव काढून पाहा. तो हातातले काम टाकून बोलू लागतो. आणि हेच नाव ग्रंथांत शोधायला जा. पुष्कळदा अर्ध्या ओळीवर भागते.

हमालांच्या संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाला हा विषय कुठून सुचला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आधीच देऊन टाकतो. खेळाचा इतिहास म्हणजे आधी फुरसतीचा इतिहास, आणि फुरसत आम्हां कष्टकऱ्यांना कोणी दान दिलेली नाही. मुंबईच्या गिरण्यांत १८९० पूर्वी आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली, अर्जांवर हजारो सह्या गोळा केल्या. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजारांच्या आसपास कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. पुढे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी पोरगा बॅट घेऊन बाहेर पडतो, त्याच्या मागे ही सभा उभी आहे.

कारखान्यातल्या कामगाराला पुढे १९४८चा कायदा मिळाला. बाजारातल्या हमालाला तो लागू नव्हता. त्याच्यासाठी माथाडी कायदा यायला १९६९ साल उजाडावे लागले, आणि कायदा झाला म्हणजे तो दुसऱ्या दिवशी गावात उतरतो असेही नाही. आपल्या कांद्याच्या बाजारात अमावास्येला लिलाव बंद ठेवायची जुनी चाल होती. त्या दिवशी हमालाची पाठ मोकळी असे. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बायांना तेवढीच उसंत. आणि गंमत अशी की, व्हिडिओ गेमच्या खोलीत सर्वांत जास्त गर्दी अमावास्येला व्हायची. बाप घरी झोपलेला, आई धुण्याला गेलेली, पोराच्या हातात एक-दोन रुपये.

आता खेळांची नोंद कोणी ठेवली ते पाहू. ज्या खेळाचे नियम कोणी कागदावर उतरवले, तो इतिहासात आला. खो-खोचे नियम १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने बांधले, म्हणून खो-खोला जन्मतारीख आहे. बडोद्याच्या मुजुमदारांनी व्यायामज्ञानकोशाचे खंडच्या खंड काढले, म्हणून आट्यापाट्या आणि हुतुतू ग्रंथालयाच्या कपाटात जाऊन बसले. हे थोर काम होते, यात शंका नाही. पण त्या कपाटात पैसे मोजून खेळण्याच्या यंत्राला जागा मिळण्यासारखी नव्हती. ते शरीर कमवणारे नव्हते, ते स्वदेशी नव्हते, आणि चोरीचे होते. सरकारलाही त्याची आठवण झाली ती कर बसवण्यापुरती. १९२३च्या करमणूक शुल्क कायद्यात पुढे व्हिडिओ खेळांच्या यंत्रांचा समावेश झाला. आमच्या गावातल्या त्या खोलीने तो कर कधी भरला असेल, असे मात्र आम्हांस वाटत नाही.

या यंत्राचे मूळ जपानात आहे. निन्तेन्दो या कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ नावाचे यंत्र बाजारात आणले. किंमत १४,८०० येन. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या हाताखाली झाली. यंत्र घरच्या टीव्हीला जोडायचे, वर कॅसेट खोचायची, की खेळ सुरू. अमेरिकेत ते १९८५ साली दुसऱ्या नावाने गेले. आपल्याकडे मूळ यंत्र पोचले ते फार थोड्या घरांत. आपण पाहिली ती त्याची नक्कल. तैवानमधल्या कारखान्यांनी या यंत्राच्या हुबेहूब प्रती काढल्या आणि त्या जगभर पसरल्या. रशियात १९९२ साली ‘डेंडी’ या नावाने, पोलंडात ‘पेगॅसस’ या नावाने. आपल्याकडे ‘मीडिया’, ‘लिटल मास्टर’, ‘समुराई’ अशी नावे लोकांच्या आठवणीत आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून एखादे यंत्र पिशवीत घालून, रेल्वेने निफाड ओलांडून लासलगाव स्टेशनात उतरले, की ते अख्ख्या आळीचे होई.

आम्ही स्वतः तेव्हा सतरा-अठरा वर्षांचे होतो. दुपारपर्यंत मार्केटात, दुपारनंतर मोकळे. धाकटी भावंडे आणि त्यांचे सोबती त्या खोलीत जात, त्यांना शोधायला म्हणून आम्ही प्रथम गेलो आणि दारातच उभे राहिलो. खोलीत दोन टीव्ही. एक रंगीत, एक कृष्णधवल. रंगीताचा दर जास्त. गोणपाटाचा पडदा. मालक हातात घड्याळ घेऊन बसलेला. अर्ध्या तासाचे दोन रुपये घेई आणि पंचवीस मिनिटांनी उठवी, असा पोरांचा नेहमीचा दावा असे. आमच्या कामगारजीवनातला तासांचा पहिला तंटा आम्ही मिटवला तो त्या खोलीत: भिंतीवर सर्वांना दिसेल असे घड्याळ लावून घेतले.

कॅसेटीवर आकडा छापलेला असे: ९९९९ गेम. यादी उघडली की वीस-पंचवीस खेळांनंतर तेच खेळ पुन्हा नव्या नावाने सुरू होत. बाजारगावच्या पोरांना ही काटामारी ओळखायला दोन दिवसही लागले नाहीत. पण त्या वीस-पंचवीसांत जे होते, ते मात्र चोख होते.

मोटारीचा खेळ होता, ‘रोड फायटर’. कोनामी कंपनीचा, मूळचा १९८४चा. रस्ता वर सरकत जातो, आपली गाडी खाली. इंधन सतत कमी होत असते, आणि वाटेत एक रंगीबेरंगी गाडी येते तिला गाठले की ते वाढते. कृष्णधवल टीव्हीवर ही गाडी रंगाने ओळखता येत नसे. पोरे तिच्या चालीवरून ओळखत. सर्कशीचा खेळ होता, त्यात सिंहाच्या पाठीवर बसून आगीच्या कड्यांतून उडी मारायची. ‘लोड रनर’ होता, त्यात पायाखालची जमीन खणून पाठलाग करणाऱ्याला खड्ड्यात पाडायचे. हा खेळ मूळ डग्लस स्मिथ या अमेरिकन विद्यार्थ्याने लिहिलेला, १९८३ साली निघाला आणि जपानात हडसन कंपनीने पुढल्या वर्षी या यंत्रावर आणला. आणि ‘बायनरी लँड’ नावाचा एक अतिशय गोड खेळ होता, १९८५चा. त्यात दोन पेंग्विन. एकाच कळीने दोघे चालतात, पण आरशातल्यासारखे. तुम्ही उजवीकडे दाबले की एक उजवीकडे जातो, दुसरा डावीकडे. दोघांना वरच्या हृदयापाशी एकाच वेळी पोचवायचे. एकाला वाट मोकळी असते तेव्हा दुसऱ्यापुढे भिंत येते. लहान मुलींना हा खेळ विशेष आवडे. त्या खोलीत मुली कमी येत हे खरे. येत त्या भावाच्या हाताला धरून येत, आणि या एका खेळात भावाला हरवून जात.

पण सर्वांचा राजा रणगाडा. त्याचे खरे नाव ‘बॅटल सिटी’, हे आम्हांस फार पुढे कळले; गावात तो नुसता ‘टँक’ होता. नामको कंपनीने तो सप्टेंबर १९८५मध्ये जपानात काढला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चौकोनी मैदान, वरून पाहिल्यासारखे. त्यात विटांच्या भिंती, कुठे पोलाद, कुठे पाणी, कुठे झाडी, कुठे घसरणारा बर्फ. खाली मध्यभागी विटांच्या कुंपणात एक पक्षी. पोरे त्याला घार म्हणत. वरून शत्रूचे रणगाडे येतात, प्रत्येक स्टेजला वीस. त्यांनी घार फोडली की डाव संपला. तुमच्या स्वतःच्या गोळीने फुटली तरी संपला. अशी पस्तीस मैदाने.

या खेळात समाधान कशाचे होते, याचा आम्ही पुष्कळ विचार केला आहे. आमचे मत असे की ते विटेत होते. गोळी लागली की भिंत एकदम नाहीशी होत नाही. विटेचा थोडा थर उडतो, मग पुढचा. म्हणजे खेळणारा मैदान कोरत जातो. कुठे खिंड पाडायची, कुठली भिंत आडोशाला राखायची, हे त्याच्या हातात. पाच मिनिटांनी मैदानाकडे पाहिले की आपण केलेले काम डोळ्यांना दिसते. गवंड्याला दिवसअखेर भिंतीकडे पाहून जे वाटते, त्याच जातीचे ते समाधान होते. कधी फावडे मिळे. ते घेतले की घारीभोवतीच्या विटा काही वेळ पोलादाच्या होत. फावडे हे त्या खेळातले सर्वांत मोठे बक्षीस असावे, ही गोष्ट हमालांच्या पोरांना फार पसंत होती.

दुसरी गोष्ट अशी की, हा खेळ दोघांनी मिळून खेळायचा. एक पिवळा रणगाडा, एक हिरवा. दोघे एकाच पडद्यावर, एकाच घारीच्या राखणीला. चुकून जोडीदाराला गोळी मारली तर तो मरत नाही. काही क्षण जागच्या जागी थिजतो. त्या थिजण्यावरून किती भांडणे झाली त्याची गणती नाही. पण दोन पोरांना दोन बाजू वाटून घेऊन, “तू डावी सांभाळ, मी उजवी,” असे म्हणावेच लागे. खोलीत आडत्याचा मुलगा असे, त्याच्या वडिलांच्या खळ्यावर गोणी उचलणाऱ्याचाही असे. पैसे दोघांचे मिळून अर्ध्या तासाला पुरत. लासलगावात त्या काळी या दोन घरांतली पोरे एका चटईवर बसतील अशी दुसरी जागा शाळेखेरीज आम्हांस आठवत नाही, आणि शाळेतही रांगा वेगळ्या पडत.

हा एवढा खेळ चोवीस किलोबाइट जागेत मावला होता. आज आपल्या खिशातल्या फोनने काढलेला एक साधा फोटो याच्या शंभरपट जागा खातो. त्या जागेत ज्यांनी पस्तीस मैदाने, सहा प्रकारची बक्षिसे, नाना तऱ्हांचे शत्रू आणि सुरुवातीची ती छोटी धून बसवली, ते कारागीर होते. चोवीस किलोबाइटांत ते बसवायचे म्हणजे एक एक अक्षर हिशेबाने वापरायचे.

हे कारागीर कोण? खेळ सुरू होताना कंपनीचे नाव येई, तेही मूळ कॅसेटीवर. नकली कॅसेटींवर पुष्कळदा कंपनीचे नाव आणि साल दोन्ही पुसून टाकलेले असत. माणसाचे नाव तर मुळातच नव्हते. त्या काळी जपानी कंपन्यांत खेळ करणाऱ्यांची खरी नावे बाहेर पडू नयेत अशी दक्षता घेत. प्रतिस्पर्धी कंपनी आपली माणसे फोडील ही धास्ती. कित्येक खेळांत शेवटी नावे दिली तीही टोपणनावे. आज आपल्याला माहीत आहे की बॅटल सिटीची रचना रिओइची ओकुबो आणि ताकेफुमी ह्योदो यांची, आणि ती धून जुन्को ओझावा या बाईंची. तुमच्यापैकी ज्यांनी तो खेळ खेळला आहे त्यांच्या कानांत ती धून आत्ता वाजली असेल. ती एका स्त्रीने रचली हे किती जणांना ठाऊक होते?

आणि पुढची गोष्ट ऐका. ओकुबो यांनी त्या खेळाच्या पोटात एक मजकूर लपवून ठेवला होता. कळा एका विशिष्ट, लांबलचक क्रमाने दाबल्याखेरीज तो पडद्यावर येत नाही. सहज हाताला लागणे शक्यच नव्हते. खेळ निघाल्यावर पुष्कळ वर्षांनी, यंत्रातली अक्षरे उकलून पाहणाऱ्या हौशी मंडळींना तो सापडला. त्यात त्यांनी टोपणनावाने एवढेच म्हटले होते की हा प्रोग्रॅम आपण लिहिला, आणि आपले अमुक एका व्यक्तीवर प्रेम आहे. लासलगावच्या त्या खोलीत रोज दहा-बारा वेळा तो मजकूर यंत्रातून जात होता आणि आम्हां कोणाला त्याची वार्ता नव्हती.

लेण्यांत पाथरवटाची खूण सापडते, जुन्या भांड्याच्या बुडाशी तांबटाचा शिक्का सापडतो, त्यातलाच हा प्रकार. पण या धंद्यात तो अपघाताने आलेला नाही. त्याच्या मागे एक तंटा आहे, आणि तो अमेरिकेतला आहे. तिकडे वळणे भाग आहे, कारण नाव लपवायची पाळी कामगारावर का येते, ते तिथे उघड दिसते.

व्हिडिओ गेमचा धंदा घराघरांत नेला तो अटारी या कंपनीने; तिचे यंत्र १९७७ साली निघाले. तिथे एक खेळ बहुधा एक माणूस सगळाच्या सगळा लिहीत असे: कल्पना त्याची, चित्रे त्याची, आवाज त्याचे. डब्यावर नाव कंपनीचे. वॉरन रॉबिनेट नावाच्या तरुणाने ‘ॲडव्हेंचर’ हा खेळ लिहिला. तो १९८० साली बाजारात आला आणि त्याच्या दहा लाखांच्या आसपास प्रती खपल्या. रॉबिनेटला त्यातून पगारापलीकडे काही मिळाले नाही. त्याने काय केले? खेळात एक गुप्त खोली ठेवली. डोळ्यांना जेमतेम दिसणारा एक ठिपका उचलून योग्य ठिकाणी नेला की भिंत पार होते आणि आत अक्षरे झळकतात की हा खेळ वॉरन रॉबिनेटने केला. ही गोष्ट त्याने सोबत्यांनाही सांगितली नव्हती. एका पंधरा वर्षांच्या मुलाने ती शोधून कंपनीला पत्र लिहिले, तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता.

त्याच सुमारास, १९७९ साली, अटारीतल्या चार प्रोग्रॅमरांनी, म्हणजे डेव्हिड क्रेन, लॅरी कॅप्लान, ॲलन मिलर आणि बॉब व्हाइटहेड यांनी, विक्रीचे आकडे पाहिले. आपल्या चौघांच्या खेळांवर कंपनीची निम्म्याहून अधिक विक्री उभी आहे असे त्यांना दिसले, असे क्रेन यांनी पुढे सांगितले आहे. ते कंपनीचे मुख्य रे कसार यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कापडधंद्यातून आलेले. त्यांनी उत्तर दिले ते असे की, तुमचे महत्त्व ती कॅसेट जुळवणाऱ्या कामगारापेक्षा जास्त नाही. चौघे बाहेर पडले आणि त्यांनी ॲक्टिव्हिजन ही कंपनी काढली. त्यांच्या डब्यांवर खेळ लिहिणाऱ्याचे नाव छापले जाऊ लागले.

ही गोष्ट इंग्रजी पुस्तकांत मोठ्या रंगाने सांगितलेली असते. आम्ही इंग्रजी शिकलो ते मांडीवर शब्दकोश घेऊन, त्यामुळे वाचताना थांबत थांबत वाचतो, आणि या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. चौघांना राग आला तो आपली तुलना कॅसेट जुळवणाऱ्याशी केली याचा. लेखकही त्यांच्या बाजूने रागावतात. त्या जुळवणाऱ्या बाईला कोणी विचारले काय? तिच्याइतके महत्त्व असणे हा अपमान कसा, हा प्रश्न एकाही पुस्तकात आम्हांस भेटला नाही. मालकाच्या वाक्यातली खोट अशी की त्याच्या लेखी दोघांचेही मोल सारखेच शून्य होते. आणि चौघांनी आपल्यापुरते ते वाढवून घेतले.

त्या बायांचे आणि पुरुषांचे पुढे काय झाले तेही सांगतो. फेब्रुवारी १९८३मध्ये अटारीने कॅलिफोर्नियातले जुळणीचे काम हाँगकाँग आणि तैवानला हलवण्याचे जाहीर केले. सतराशेच्या आसपास कामगारांची रोजी गेली. त्याआधी तिथे संघटना बांधायचा प्रयत्न चालू होता. चौघांचे नाव डब्यावर आले. सतराशेंपैकी एकाचेही नाव या धंद्याच्या इतिहासात नाही. आणि ज्या तैवानला ते काम गेले, त्याच तैवानातून पुढे नकली यंत्रे निघाली, ती आपल्या गावात आली. म्हणजे आम्ही ज्या यंत्रापुढे बसलो त्याचे ताम्रतंतू कोणी तरी जोडले होते, त्यावर डाग कोणी तरी दिला होता. त्यांची मजुरी काय होती, त्यांना रविवार होता की नाही, याची विचारपूस त्या खोलीत कोण करणार! आम्हीही केली नाही. घड्याळाकडे पाहण्यातच सगळे गुंग.

नक्कल ही चोरी होती, हे साफ आहे. पण बाजाराचा हिशेब दुसरीकडूनही मांडून पाहावा. मूळ यंत्र आमच्या आळीत येण्याचा संभव नव्हता. आणि खेळ लिहिणाऱ्याला प्रत्येक प्रतीमागे पैसा मिळत नसेल, तर चोरीने बुडाले ते कंपनीचे, कारागिराचे नव्हे. हा युक्तिवाद आम्ही कायद्यापुढे करणार नाही. चावडीवर मात्र करू.

आता हे खेळ इतिहासातून का गळले, याचे एक साधे कारण आहे. या विषयाचे बहुतेक ग्रंथ अमेरिकेत लिहिले गेले, आणि तिथल्या पोरांनी जे दुकानातून विकत घेतले ते त्यांत आले. बॅटल सिटी त्या काळात अमेरिकेत अधिकृतपणे विकायलाच आला नाही. बायनरी लँडचेही तेच. म्हणून मॉस्को, वॉर्सा, लासलगाव अशा ठिकाणची पोरे ज्या खेळावर वाढली, तो तिथल्या लेखकाच्या बालपणात नव्हता, आणि म्हणून त्याच्या ग्रंथातही नाही. हा कोणाचा कट नाही. ज्याच्या हातात लेखणी, त्याचे बालपण इतिहास होते. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या आठवणी महाराष्ट्राच्या म्हणून छापल्या जातात, त्यातलीच ही तऱ्हा.

गावातही या खोलीचे शत्रू होते. पोरे बिघडतात, पैसे चोरतात, डोळे जातात, अशी तक्रार घेऊन काही प्रतिष्ठित मंडळी एकदा अर्ज देण्याच्या तयारीने आमच्याकडे सही मागायला आली. पैसे चोरण्याचे एक-दोन प्रकार घडलेही होते, ते आम्ही नाकारले नाही. परंतु त्याच आळीत पत्त्यांचा क्लब चालू होता, आणि त्याच्यावर अर्ज नव्हता. आम्ही सही दिली नाही. खळ्यावर कांदा निवडणाऱ्या एका आईने त्या वेळी जे म्हटले ते आमच्या ध्यानात राहिले: पोरगं तिथं असलं की मला ठाव असतो ते कुठं हाय. तिला घरी ठेवायला जागा नव्हती आणि खळ्यावर न्यायची तिची इच्छा नव्हती, कारण खळ्यावर नेलेले पोर आठ दिवसांत कामाला लागते. त्या खोलीने किती पोरांना दोन वर्षे उशिरा कामाला लावले, याचा कोणी हिशेब ठेवला असता, तर आम्ही तो आज इथे अभिमानाने वाचून दाखवला असता.

ॲक्टिव्हिजनचे पुढे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. अन्यायाला कंटाळून चौघांनी काढलेली ती कंपनी अजस्र झाली. तिच्याच एका शाखेत, रेव्हन सॉफ्टवेअर या स्टुडिओत, खेळ तपासणारे कामगार होते: दिवसभर तोच खेळ खेळून त्यातल्या चुका शोधायच्या, मुदत जवळ आली की रात्रीचा दिवस करायचा. काहींना काढून टाकले तेव्हा ते संपावर गेले, आणि २३ मे २०२२ रोजी त्यांनी तीनविरुद्ध एकोणीस मतांनी संघटना स्थापली. बावीस माणसे! आमच्या मार्केटातल्या एका टोळीएवढी. पण त्यांच्यामागून इतर ठिकाणी संघटना झाल्या. पुण्यातही असली कामे चालतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २००८ साली तिथला एक स्टुडिओ घेतला आणि शेकडो मराठी मुले-मुली या धंद्यात शिरली. चोवीस किलोबाइटांचा काळ गेला. आता एका खेळामागे हजार-हजार माणसे राबतात आणि शेवटी नावांची यादी दहा दहा मिनिटे पडद्यावरून सरकत राहते. ती यादी पाहत बसणारा विरळा. आमचा धाकटा भाऊ ती शेवटपर्यंत पाहतो. ही सवय त्याला आम्ही लावलेली नाही.

या निमित्ताने एक विनंती करून ठेवतो. ज्यांच्या माळ्यावर अशी यंत्रे, कॅसेटी, त्या खोलीच्या हिशेबाच्या वह्या पडल्या असतील, त्यांनी त्या भंगारात घालू नयेत. वाचनालयाच्या एका कपाटात त्यांना जागा करता येईल. आणि ज्यांना त्या खोलीतले दर, खेळांना पडलेली गावठी नावे, कोणी किती स्टेज काढले हे आठवत असेल, त्यांनी ते कागदावर उतरवून द्यावे. शुद्धलेखनाची चिंता करू नये.

रणगाड्याच्या खेळात आणखी एक सोय होती, तिचा उल्लेख राहिला. सुरुवातीच्या यादीत तिसरी ओळ असे: ‘कन्स्ट्रक्शन’. ती निवडली की रिकामे मैदान समोर येई आणि आपल्याला हवे तिथे वीट, पोलाद, पाणी, झाडी मांडता येई. मग त्याच मैदानात लढायचे. पैसे देऊन वेळ विकत घेतलेला, तरी काही पोरे अर्ध्यातली पंधरा मिनिटे मांडण्यात घालवीत. एकदा तीन पोरांनी मिळून आपले मार्केट यार्ड मांडले होते. कडेने पोलादाची भिंत, आत विटांच्या रांगा म्हणजे ट्रॅक्टरांच्या, एका कोपऱ्यात पाणी म्हणजे हौद, आणि घारीच्या जागी काटा. शत्रू कोण, यावर त्यांच्यात एकमत झाले नाही. कोणी व्यापारी म्हणाला, कोणी पाऊस म्हणाला. यंत्राला स्मरण ठेवण्याची सोय नव्हती. बटण बंद केले की मांडलेले पुसले जाई. त्या दिवशी तर बटणही कोणी दाबले नाही, लाइट गेली. पोरे अंधारात थोडा वेळ तशीच बसून राहिली, मालकाने उरलेल्या वेळाचा रुपया परत दिला, आणि ती बाहेर पडली.